बालवाडीच्या बाईंना कोण सांभाळणार?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत एका निवृत्त मुख्याध्यापिकेनें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. गेले तीन दिवस या व्यासपीठावरून देवळाच्या बांधणीची, शाळेच्या वाढीची आणि ज्यांनीं या मातींत आपला घाम गाळला त्या वडीलधाऱ्यांची कथा आपण ऐकली. समितीनें मला "बालशिक्षण" हा विषय दिला. माझीं ३१ वर्षें बालवाडीच्या वर्गांत गेलीं, त्यांतील शेवटचीं ११ मुख्याध्यापिका म्हणून. तेव्हां मी मुलांविषयीं बोलावें अशी आपली अपेक्षा असणार. परंतु मुलांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. त्या मुलांना रोज सकाळीं फाटकापाशीं हातीं धरून आंत नेणारी जी स्त्री, तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. आज तिच्याविषयीं चार शब्द बोलण्याची मला अनुज्ञा असावी.

आरंभीं एक कबुली देतें. ती ऐकल्यावांचून माझें पुढील बोलणें आपणांस कोरडा उपदेश वाटेल.

मी ज्या शाळेची मुख्याध्यापिका होतें ती येथली नव्हे, व तिचें नांव सांगण्याचें प्रयोजनहि नाहीं. तेथें एक तरुण शिक्षिका होती. तिचा आवाज गोड, हात कलेचा, आणि मुलांवर माया अशी कीं, फाटकापाशीं रडणारें मूल तिला पाहतांच आईचा पदर सोडून देई. जून महिन्यांत वर्ग भरला तेव्हां तिच्याकडे ४२ मुलें होतीं आणि मदतीस एक मावशी होती. जुलैंत मावशी काम सोडून गेली. दुसरी मिळेपर्यंत निभावून ने, असें मीं तिला सांगितलें, आणि वर म्हटलें, "तुला मुलांची इतकी आवड आहे, तुला जड जाणार नाहीं." दुसरी मावशी दिवाळीपर्यंत आली नाहीं. खरें सांगावयाचें तर मीं ती शोधलीच नाहीं. काम चाललें होतें, तें चालूं दिलें.

कसें चाललें होतें, हें मला दिसत होतें. पण त्याचा अर्थ मीं लाविला नाहीं. वेळेच्या अर्धा तास आधीं येणारी ती मुलगी घंटेच्या ठोक्याला येऊं लागली. तिच्या वर्गांतून गाणें ऐकूं येईनासें झालें. पूर्वी ती प्रत्येक मुलाविषयीं त्याच्या नांवानें बोले; आतां "हीं पोरें" असें म्हणूं लागली. तिचा घसा बसला, तो महिनाभर बसलेलाच राहिला. मग एका दुपारीं एका मुलानें दुसऱ्याच्या हाताला चावा घेतला. तिनें चावणाऱ्या मुलाचे खांदे धरून त्याला इतक्या जोरानें हलविलें कीं, तें मूल भेदरून गेलें. नंतर ती सामानाच्या खोलींत जाऊन दार लोटून बसली, आणि ४२ मुलें वर्गांत एकटीं राहिलीं.

मीं काय केलें? तिला कचेरींत बोलावून लेखी खुलासा मागितला. मुलावर हात टाकणें हा अपराध होता, याविषयीं मला आजहि शंका नाहीं. त्या मुलाच्या आईपुढें मीं मान खालीं घातली, तेंहि योग्यच झालें. परंतु त्या दिवशीं खुलासा माझ्याकडूनहि मागितला जावयास पाहिजे होता, आणि तो कोणीं मागितला नाहीं. डिसेंबरांत तिनें राजीनामा दिला. पुढें कित्येक वर्षांनीं ती मला बाजारांत भेटली. शिवणकामावर तिचें बरें चाललें होतें. बोलतां बोलतां ती म्हणाली, "मोठ्या बाई, मुलांवरची माझी माया कधींच आटली नव्हती. त्या दिवशीं कुणी तरी पांच मिनिटें माझा वर्ग बघावा, एवढेंच मला हवें होतें."

बंधुभगिनींनो, तीं पांच मिनिटें देणें माझ्या हातीं होतें.

या थकव्याला विद्वानांनीं नांव दिलें आहे. १९७४ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं त्याला "बर्नआउट" म्हटलें. आपण त्याला आंतून जळून विझणें म्हणूं. गरिबांच्या मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांत त्यांनीं तो पाहिला; आणि त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्यांची तळमळ अधिक, जे स्वतःला कामांत झोंकून देतात, तेच यांत सांपडतात. दिव्याची वात मोठी केली कीं तेल लवकर सरतें, तसेंच हें. पुढें क्रिस्टिना मॅस्लाक या विदुषीनें तो मोजण्याची रीत सिद्ध केली. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणांत त्याची नोंद करतांना दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली ही कीं, हा रोग नव्हे. दुसरी ही कीं, कामाच्या जागीं दीर्घकाळ सांचलेला आणि ज्याचा नीट बंदोबस्त झाला नाहीं असा ताण हें त्याचें कारण होय. त्याचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत: शक्ति सरून जाणें; कामाविषयीं मन दूर जाणें किंवा कडवट होणें; आणि आपल्या हातून आतां कांहीं नीट होत नाहीं असें वाटूं लागणें.

हीं तीन लक्षणें माझ्या त्या शिक्षिकेच्या चरित्राशीं जुळवून पाहा. बसलेला घसा, "हीं पोरें" हा शब्द, आणि शेवटीं राजीनामा. तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत घडलीं. आणि कारणाची जागा कोणती? तिचा स्वभाव नव्हे, तर माझी शाळा. आपण मात्र नेमकें उलट करितों. बाई थकली कीं तिची माया कमी पडली असें म्हणतों, आणि बरें होण्याची जबाबदारीहि तिच्यावरच टाकितों.

बालवाडीचें काम इतकें थकविणारें कां, असें कोणी विचारील. "मुलांबरोबर खेळावयाचें, गाणीं म्हणावयाचीं, तीन-चार तासांत सुटका," असें म्हणणारे गृहस्थ मला दर वर्षीं भेटत. त्यांना मी एवढेंच सांगत असें कीं, एक सकाळ येऊन बसा. तीन वर्षांच्या मुलाची गरज थांबत नाहीं. त्याला लघवी लागली ती आतांच लागलेली असते. रडूं आलें तें आतांच आलेलें असतें. एकाचें नाक पुसावें तों दुसऱ्यानें खडू तोंडांत घातलेला असतो. बाई लहानशा खुर्चीवर वाकून बसते, जमिनीवरून शंभर वेळां उठते, तासन्‌तास उंच आवाजांत बोलते. स्वतःच्या देहधर्मासाठीं उठून जाण्याची सोय तिला नसते, कारण मुलें कोणाच्या स्वाधीन करावयाचीं? म्हणून कित्येक बाई सकाळीं पाणीच पीत नाहींत. हें सभेंत बोलूं नये असें कोणास वाटेल. परंतु जें रोज सोसावें लागतें तें वर्षांतून एकदां ऐकावयास हरकत नसावी.

याहून मोठें एक काम आहे, आणि तें कोणत्याहि नोंदवहींत लिहिलें जात नाहीं. तें म्हणजे चेहरा हंसरा ठेवणें. घरीं नवरा आजारी असो, रात्र जागून काढलेली असो, फाटकापाशीं तिनें प्रसन्नच असलें पाहिजे. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालीं विमानांतील परिचारिकांच्या हंसण्याचा अभ्यास करून दाखविलें कीं, नोकरीसाठीं भावना आवरणें आणि दाखविणें हेहि श्रमच होत. बालवाडींत हे श्रम दुप्पट आहेत, कारण मूल फसत नाहीं. खोटें हंसूं त्याला कळतें. वर्ग सुटल्यावर भिंतीवरचीं चित्रें, नोंदी, स्नेहसंमेलनाची तयारी हीं असतातच, आणि हल्लीं तर रात्रीं दहा वाजतां आईबापांचे निरोप भ्रमणध्वनीवर येत राहतात: "आज बाळानें डबा कां खाल्ला नाहीं?" बाईनें उत्तर दिलें नाहीं तर ती बेपर्वा ठरते.

शासनाच्या अंगणवाडीकडे पाहिलें तर हें चित्र अधिकच गडद होतें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा आणि मातांचें आरोग्यशिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या अंगणांत आल्या. त्यांना मिळतें त्याला वेतन म्हणत नाहींत, मानधन म्हणतात. केंद्र सरकारनें २०१८ सालीं तें सेविकेस दरमहा ४,५०० आणि मदतनिसास २,२५० रुपये ठरविलें. राज्यें त्यांत आपली भर घालतात. त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें सांगितलें, तेव्हां योजनेला सेहेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. ४ डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यांतील सेविकांनीं जो संप केला तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ज्या शब्दांत मान आणि धन हीं दोन्ही आहेत त्या शब्दानें दोन्ही पुरीं दिलीं नाहींत, ही त्यांची तक्रार होती.

मला असें सांगण्यांत येतें कीं, पूर्वीच्या बायका त्यागी होत्या, त्या तक्रार करीत नसत. मग ज्यांनीं हें काम आपल्याच भागांत उभें केलें त्यांच्याकडेच पाहूं. गुजराथेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरला बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक त्यांना तेथें जाऊन मिळाल्या, आणि दोघांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ सालीं ताराबाई आपल्या डहाणूजवळ बोर्डीस आल्या, तेव्हां त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पुढें दोघींनीं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम केलें. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, हा अंगणवाडीचा विचार त्यांचा; आणि गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा हाहि त्यांचाच. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण आणि अनुताईंना १९७२ सालीं पद्मश्री मिळाली.

या चरित्रांतून आपण त्यागाची गोष्ट उचलतों आणि दुसरी गोष्ट सोडून देतों. ताराबाई एकट्या नव्हत्या. आधीं गिजुभाईंची जोड होती. मग १९४५ पासून १९७३ सालीं ताराबाई गेल्या तोंपर्यंत, २८ वर्षें, अनुताई बरोबर होत्या. त्यानंतर १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत अनुताईंनीं तें काम वाहिलें. एवढ्या थोर स्त्रियांनाहि जोडीदार लागली. मग आपण एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीला चाळीस मुलें देऊन वर्गाचें दार लावून घ्यावें, आणि तिनें ताराबाई व्हावें अशी अपेक्षा करावी, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप आपल्या घरचाच आहे. "आमच्या आयांनीं आठ-आठ, दहा-दहा मुलें वाढविलीं, त्या कधीं थकल्या नाहींत." त्या थकत होत्या, आपण विचारलें नाहीं. शिवाय त्या घरांत आजी होती, काकू होती, भिंतीपलीकडे शेजारीण होती. भाताची लावणी आली म्हणजे सावडीनें काम होई. आज तुमचें शेत, उद्यां आमचें. एकट्या कुटुंबाला दहा वाफे लावावयास कोणीं सांगितलें नाहीं. मुलें वाढविणें हीहि सावडच होती. आज तें सारें काम आपण पगारी बाईच्या एकटीच्या खांद्यावर दिलें, आणि सावड मात्र मोडून टाकिली.

तर मग आधार म्हणजे काय? ५ सप्टेंबरला गुलाबाचें फूल देणें हा आधार नव्हे. तें फूल संध्याकाळीं कोमेजतें. "बाई म्हणजे दुसरी आईच" असें भाषणांत म्हणणें हाहि आधार नव्हे. या वाक्यानें तर फार नुकसान केलें आहे, कारण आईला पगार, रजा आणि विश्रांति मागण्याचा हक्क आहे असें आपण कधीं मानलेंच नाहीं. मीं माझ्या चुकीवरून जें शिकलें तें साध्या गोष्टींत सांगतें.

पहिली गोष्ट, दुसरें माणूस. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणानें तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागें एक प्रौढ माणूस असावें असें सांगितलें आहे. तें केवळ अध्यापनासाठीं नव्हे, तर मुलांच्या सुरक्षिततेसाठींहि आहे. एकट्या बाईचा तोल गेला तर मध्यें पडावयास कोणी नसतें.

दुसरी गोष्ट, पंधरा मिनिटें. रोज ठराविक वेळीं बाईला वर्गाबाहेर बसतां यावें, पाणी पितां यावें, आणि तेवढा वेळ वर्ग दुसऱ्या कोणाच्या तरी नांवावर असावा. हा उपकार नव्हे. वेळापत्रकांत छापण्याची गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट, वेतन आणि रजा. पगार वेळेवर मिळावा, मे महिन्यांतहि मिळावा, आणि बाई तापानें पडली तर तिची जागा भरावयास माणूस असावें. पोप तेरावे लिओ यांनीं १५ मे १८९१ च्या "रेरुम नोव्हारुम" या परिपत्रांत श्रमिकाचें न्याय्य वेतन आणि त्याची विश्रांति यांचा पुरस्कार केला. तें परिपत्र गिरणीकामगारांसाठीं वाचावें आणि आपल्याच आवारांतील बाईंसाठीं मिटून ठेवावें, हें शोभत नाहीं.

चौथी गोष्ट, ऐकून घेणें. आठवड्यांतून एक तास सर्व बाईंनीं एकत्र बसावें. त्यांत तपासणी नको, अहवाल नको. "या आठवड्यांत कोणतें मूल जड गेलें?" एवढा प्रश्न पुरे. त्या शिक्षिकेच्या राजीनाम्यानंतर मीं हा प्रघात पाडिला. पहिले दोन महिने कोणी बोललें नाहीं. सर्वांना वाटे, मोठ्या बाई मनांत नोंद घेत आहेत. तेव्हां मींच आधीं माझी फजिती सांगूं लागलें. मग तोंडें उघडलीं. एक जण म्हणाली, "मला या एका मुलाचा राग येतो, आणि त्या रागाची लाज वाटते." दुसरी लगेच म्हणाली, "दुपारचा तास त्याला माझ्याकडे पाठव." त्या एका वाक्यानें एक मूल वांचलें आणि एक बाईहि वांचली.

पांचवी गोष्ट तुम्हां आईबापांकडे आहे. संध्याकाळीं सातनंतर बाईंना निरोप पाठवूं नका. मूल आजारी असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार असली तर मुलादेखत करूं नका. आणि कधीं तरी, तक्रार नसतांनाहि, दोन शब्द बोला.

आतां आपल्या घराकडे वळतें. आपल्या बालवाडींत आज दोन वर्ग आहेत, प्रत्येकांत पस्तिसाच्या आसपास मुलें, प्रत्येकीं एक बाई, आणि दोन्ही वर्गांना मिळून एकच मावशी. मावशी एका वर्गांत गेली कीं दुसरा वर्ग उघडा पडतो. मी गेल्या महिन्यांत तीन सकाळीं तेथें जाऊन बसलें. वर्ग सुंदर चालतात; म्हणूनच मला भीति वाटते, कारण माझाहि वर्ग तसाच चालला होता.

महोत्सव निधींतून आवाराच्या दाराशीं कमान उभी करण्याचा ठराव समितीपुढें आहे. कमानीला माझा विरोध नाहीं. परंतु माझी नम्र विनंती आहे कीं, कमान एक वर्ष थांबावी, आणि त्या रकमेंतून प्रथम दुसऱ्या मावशीचें वेतन ठेवावें. महिला मंडळाच्या भगिनी पाळीपाळीनें येऊं म्हणतील, त्यांचें स्वागत आहे. पण हौशी मदत पावसांत आणि लग्नसराईंत गळते, म्हणून ती पगारी माणसाच्या जागीं धरूं नये. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका या धर्मग्रामांत आणखी आहेत. आम्हीं ठरविलें तर रोजचीं तीं पंधरा मिनिटें आम्ही सांभाळूं शकूं. सोमवार आणि गुरुवार हे दोन वार मी आजच माझ्या नांवावर लिहून देतें.

ही सूचना कांहींना अप्रिय वाटेल, हें मी जाणून आहें. कमान रस्त्यावरून दिसते. मावशी दिसत नाहीं. परंतु पन्नास वर्षांनीं जे शताब्दी साजरी करतील ते आज त्या दोन वर्गांत बसलेले आहेत. त्यांचे खांदे कोणत्या हातांनीं धरले जातात, रागानें कीं मायेनें, हें त्या हातांत बळ उरलें आहे कीं नाहीं यावर ठरणार आहे.

माझ्याकडे एका मुलीनें पांच मिनिटें मागितलीं नव्हतीं. ती मागूं शकली नाहीं. तीं न मागतां द्यावीं, एवढीच आपणां सर्वांना माझी प्रार्थना आहे.